अक्कांना वगळण्याचा निरोप

क्रिकेट क्लबाचं कॅप्टनपद कुणी देऊ केलं, तर हो म्हणण्याआधी संघाची यादी मागावी आणि त्यात कोण कोणाची कोण लागते ते बघून घ्यावं. आमच्या अकरा जणींपैकी आठ जणी एकमेकींच्या नात्यातल्या होत्या. माझी मोठी नणंद, तिची सून, माझ्या दोन चुलतजावा, त्यांतल्या एकीची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेली एक मावससासू, मी, आणि आणखी एक बाई, जिचं नातं सांगायला दहा मिनिटं लागतात. उरलेल्या तिघी बाहेरच्या, म्हणजे तमिळ. एक नर्स आणि एकाच शाळेतल्या दोन शिक्षिका.

त्या तिघी आमच्यापेक्षा बऱ्या खेळायच्या. ताकद किंवा सराव जास्त होता असं नाही. त्यांना समोरच्या टोकाकडून आलेल्या हाकेला 'नाही' म्हणता यायचं.

आमची माणसं कित्येक पिढ्या तंजावूरला आहेत. आम्ही जेवतो, नेसतो, भांडतो ते बरंचसं इथल्यासारखंच. घरात मराठी बोलतो, पण संघाच्या ग्रुपवर तीच मराठी तमिळ अक्षरांत लिहितो, कारण देवनागरी वाचणाऱ्या आम्ही दोघीच. एवढं सगळं बदललं तरी पंगत बदलली नाही. मोठे आधी बसतात, मोठ्यांचं पान आधी वाढलं जातं. क्लब सुरू झाला तेव्हा बॅटिंगची ऑर्डर कुणी ठरवली नाही. पहिल्याच रविवारी सगळ्या जणी वयाप्रमाणे बॅट घ्यायला उभ्या राहिल्या, आणि तेच चालू राहिलं. खेळपट्टीवर एक मोठी आणि एक धाकटी असली की धाव घ्यायची की नाही ते मोठी सांगणार. चेंडू धाकटीच्या डोळ्यांसमोर असला तरी. चुलतजावेची मुलगी तीन वर्षांत किती वेळा धावबाद झाली ते तिनं मोजलं नाही, मीही नाही. ती मुकाट्यानं परत यायची आणि बाटलीतलं पाणी प्यायची.

क्लब माझ्या नणंदेनं सुरू केला. सून 'अम्मा' म्हणते, बाकी आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणतो. अक्का गणिताच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. कॉलेजात असताना खेळायच्या, लग्नानंतर तीस वर्षं बॅट हातात घेतली नाही, आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून घरोघरी फिरून त्यांनी आम्हाला गोळा केलं. मी तेव्हा ऑफिसातून आल्यावर पाय वर करून बसणारी बाई होते. मी मातीचे नमुने तपासते, कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत. अक्का म्हणाल्या, "तुज मातीचं कळतं, खेळपट्टी बघ." मी खेळपट्टी बघायला गेले आणि फिल्डिंगला उभी राहिले. चार वर्षांपूर्वी त्यांनीच मला कॅप्टन केलं. "मज ओरडता येत नाही गे," त्या म्हणाल्या. "तुज येतं. तू सांभाळ." हे खरं आहे. मी कारकुनांवर ओरडते, रिक्षावाल्यांवर ओरडते, मिड-ऑनवर झोपलेल्या मावससासूवरही ओरडले आहे, पाच मिनिटांनी तिची समजूत काढायच्या तयारीनं.

अक्कांनी आणलेली सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणजे त्यांची सून. ती ओरत्तनाडूची, आमच्याच लोकांतली. भात कापून झालं की शेतात जे क्रिकेट होतं त्यात भावांबरोबर खेळून मोठी झालेली. डावखुरी. आमच्याकडं जड टेनिस बॉलनं खेळतात, तो फार वळत नाही, पण ती तो फलंदाजाच्या बुटाच्या टोकावर टाकायची. परत तिथंच. परत तिथंच. मी स्लिपमध्ये उभी राहून कितीदा पाहिलं असेल: समोरची बॅट वर जायची आणि खाली यायला उशीर व्हायचा. विकेट पडल्यावर ती हात वर करायची नाही, चेंडू मागायची.

तिचं रविवारी येणं कशावर अवलंबून होतं, ते मला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून इथंच सांगते. त्या घरात पाच माणसं. सासरे, सासू, नवरा म्हणजे माझा भाचा, ती, आणि तिची लहान मुलगी. सासऱ्यांना सकाळी आठला इडली लागते. आठ म्हणजे आठ. रविवारी मात्र ते साडेनऊला खायचे, कारण बायको मैदानावर असायची आणि बायकोला काही म्हणायची त्यांची तीस वर्षांत टाप नव्हती. सासूच बॅट घेऊन बाहेर पडते तेव्हा सुनेला कोण अडवणार? दोघी एका रिक्षानं यायच्या, एका रिक्षानं जायच्या. तिनं एकटीनं जायचं म्हटलं असतं तर कुणी 'नको' म्हटलं नसतं. फक्त इडली आठला लागली असती.

म्हणजे अक्का संघात होत्या म्हणून सून संघात होती. आणि अक्का संघात असल्यामुळे संघ बुडत होता.

त्या त्रेसष्टच्या झाल्या होत्या. गुडघे गेले होते ते आम्ही सांभाळून घेतलं असतं. डाव्या डोळ्यानं त्यांना नीट दिसत नव्हतं, हे त्या कबूल करत नव्हत्या. चेंडू मागं कीपरच्या हातात गेल्यावर त्यांची बॅट फिरायची. ओपनिंगला त्याच. पंधरा ओव्हरच्या मॅचमधल्या पहिल्या चार ओव्हर त्यांच्या. त्यांना बाद करणं समोरच्यांनाही जड जायचं, कारण बॅटला चेंडू लागतच नव्हता. आणि मध्येच त्या धावेसाठी हाक द्यायच्या.

नर्स एकदा सामना हरल्यावर मोजे काढता काढता मला तमिळमध्ये म्हणाली, "कॅप्टन, हा खेळ आहे की तुमच्या घरचं मंजळ-कुंकुमम? सगळ्यांना मिळालंच पाहिजे असं आहे का?"

"त्या मोठ्या आहेत," मी म्हणाले.

"माझी आजीही मोठी आहे. उद्या घेऊन येते. ती तिसऱ्या नंबरला येईल."

शिक्षिका हसल्या. मीही हसले. तिघींनी पुढच्या सीझनला येणार नाही असं सांगून टाकलं होतं, हसत हसतच.

पुढचा सीझन असेल की नाही हाही प्रश्न होता. आमच्या लीगमध्ये सहा संघ. कुणाची परवानगी, शिक्का, काही नाही. मैदान फक्त रविवारी सकाळी मोकळं असतं, तेवढ्यात सगळं उरकायचं. नवा एक संघ जागा मागत होता. सहाही कॅप्टननी बसून ठरवलं की शेवटी राहील तो संघ बाहेर जाईल. मीही मान हलवली. तेव्हा आम्ही चौथ्या होतो. शेवटच्या मॅचपर्यंत आम्ही आणि ओरत्तनाडूच्या तालुका ऑफिसातल्या बायकांचा संघ, दोघेच तळाला उरलो. मॅच आमची आमच्यातच. हरेल तो गेला. संघ गेला की सुनेचा रविवार गेला. इतकं साधं होतं.

मी प्रयोगशाळेतल्या वहीत मागच्या पानावर अकरा नावं लिहिली आणि अक्कांचं खोडलं. त्यांच्या जागी नर्सची धाकटी बहीण, जी कधीमधी सरावाला यायची. मग डोकं चालवलं. अक्कांना स्कोअर लिहायला बसवायचं. मैदानाच्या कडेला करंजाचं झाड आहे, त्याखाली खुर्ची, छत्री, वही. गणिताच्या बाईंना शोभेल असं काम. त्या रविवारी येत राहतील, म्हणजे सूनही येत राहील. इडलीही साडेनऊलाच. मला हा हिशोब फार आवडला. नर्सला आणि शिक्षिकांना सांगितला, त्यांनाही आवडला.

राहिलं अक्कांना सांगायचं.

आमच्यात नकार तोंडावर देत नाहीत. स्थळ पसंत नसेल तर ते मुलीचा बाप सांगत नाही. लग्नाला येणार नसाल तर ते तुम्ही स्वतः कळवत नाही. अशी गोष्ट घरातल्या मोठ्यांपैकी वयानं सर्वांत लहान माणसाकडं देतात, बहुतेक करून नव्या सुनेकडं, कारण तिच्यावर कुणी चिडत नाही. ती बिचारी सांगितलेलं सांगते. मी स्वतः नवी होते तेव्हा असे चार-पाच निरोप पोचवले आहेत. एकदा तर चुलत्यांनी मागितलेली शिलाई मशीन द्यायची नाही हा निरोप. मला ह्या पद्धतीत कधी काही गैर वाटलं नव्हतं. आणि अक्का मोठी नणंद. माझं लग्न त्यांनी जमवलं, माझ्या मुलीला दहावीपर्यंत गणित शिकवलं. मला त्यांच्यासमोर उभं राहून हे म्हणता येणार नव्हतं. भीती वाटत होती असं सरळ म्हटलं तरी चालेल.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर भाजीबाजारात सून दिसली. कीरैच्या, म्हणजे पालेभाजीच्या, टोपलीपाशी वाकली होती. मी तिला तिथंच गाठलं.

"रविवारी अक्कांना बसवायचंय," मी म्हणाले.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "कुठं बसवायचंय, मामी?"

"स्कोअर लिहायला. करंजाखाली. तू नेहमीसारखी त्यांच्याबरोबर ये. तुझं काही अडणार नाही, मी सगळा विचार केलाय."

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"तू सांग."

"मी?"

"तुझं ऐकतात त्या."

"मामी, कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या ते त्या अजून मला सांगतात."

"मग भाच्याला सांगू दे."

"ते क्रिकेटमध्ये पडत नाहीत. अम्मांमध्येही पडत नाहीत."

"मग तूच. म्हणायचं, मामी म्हणाल्या गुडघ्याची काळजी वाटते. दोन वाक्यं आहेत. आणि ओरत्तनाडूच्या त्या उंच बाईला कुठं टाकायचं ते ठरवून ठेव, ती तुझ्या ओळखीची आहे ना?"

"तिला लेगला टाकायचं नाही," ती म्हणाली, आणि एवढं बोलताना पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला. मग तिनं कीरैवालीला सुटे दिले. "सरी, मामी. बोलते."

भाजीवाली मध्येच म्हणाली की बायांनो, बाजूला होऊन बोला, गिऱ्हाईक आलंय. आम्ही बाजूला झालो आणि आपापल्या वाटेनं गेलो. शुक्रवारी काही आलं नाही. शनिवारीही नाही. मला वाटलं, काम झालं. वाईट बातमी पोचल्यावर आमच्याकडं असंच गप्प होतं.

रविवारी सव्वासहाला मी खुर्ची करंजाखाली ठेवली, छत्रीही आणली होती. रिक्षा आली. अक्का एकट्याच उतरल्या. अंगावर नेहमीचा पांढरा सलवार-कमीज, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, हातात कापडी पिशवीतली बॅट.

"ती कुठंय?" मी विचारलं.

"घरी." अक्कांनी रिक्षावाल्याला वाटेला लावलं आणि मग माझ्याकडं वळल्या. "काढलंस ना तिला? मग कशाला येईल?"

नर्स बुटाची नाडी बांधत होती. तिचे हात थांबले.

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. काल तांदूळ निवडताना. मामींनी ह्या वेळी मज वगळलंय. मी विचारलं, कां? म्हणे, लाइन चुकतेय." अक्का खुर्चीकडं बघत होत्या, खुर्ची कुणासाठी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "मज तर चुकताना दिसली नाही गे. पण तू स्लिपमधून बघतेस, तुज जास्त दिसत असेल. एक म्हणते, रागावू नकोस. मज विचारायचं तरी होतंस. मी तिला ह्या मैदानावर आणली."

"अक्का—"

"पोदुम. आता बोलू नकोस. मी तिला सांगितलं, कॅप्टनचं ऐकायचं. तोंड पाडायचं नाही. घरी बॉल टाकत राहा, पुढं घेतील." आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चला गे, टॉसला उशीर नको."

माझ्याकडं साधारण अर्धं मिनिट होतं. मी काय करायचं ते मला पूर्ण कळत होतं. 'अक्का, तिला नाही, तुम्हाला' एवढे चार शब्द. पण ते बोलले असते तर सून खोटं बोलली हे दहा जणींसमोर उघड झालं असतं, आणि त्या घरात परत जायचं तिला होतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आजही तेच सांगते. अर्धं खरं आहे.

मी बाजूला जाऊन सुनेला फोन लावला.

"ये," मी म्हणाले. "आत्ता ये. दहा मिनिटांत पोचशील. बॉलिंग आधी घेते."

"इडली लावलीय मामी. मामनार उठलेत, आठला खायला बसतील."

"तू काय करून ठेवलंस हे?"

पलीकडून भांड्याचा आवाज आला. "टॉस जिंकलात तर बॅटिंग घेऊ नका," ती म्हणाली. "सकाळचं दव असतं. आणि त्या उंच बाईला लेगला नका टाकू." आणि फोन ठेवला.

कॅप्टननं लक्षात ठेवावं असं मॅचमधलं फार काही नाही. टॉस जिंकले, बॉलिंग घेतली. उंच बाईला शिक्षिकेनं लेगला टाकलं. मी सांगितलं होतं, पण सांगितल्या जागी बॉल टाकता येणं ही वेगळी गोष्ट आहे, ते येणारी बाई त्या वेळी इडलीचं भांडं उघडत होती. ओरत्तनाडूनं पंधरा ओव्हरमध्ये एकशेबारा केले. आम्ही एवढे कधीच केले नव्हते.

नर्सची बहीण अक्कांऐवजी सुनेच्या जागी खेळली. अक्का ओपनिंगला गेल्या. चौथ्या ओव्हरमध्ये त्यांनी एका चुलतजावेला धावबाद केलं, सहाव्यात दुसरीला. मग मी गेले. माझ्या अंगात त्या दिवशी सगळं नीट जुळून आलं होतं, बॅटच्या मधोमध लागत होतं. दोन चौकार मारले. वाटलं, अजून होईल. मग अक्कांच्या बॅटला कधी नव्हे तो बॉल लागला आणि घरंगळत सरळ पॉइंटकडं गेला. माझ्या डोळ्यांसमोर गेला. पॉइंटनं तो उचललेला मला दिसला.

"ये," अक्का म्हणाल्या.

मी धावले. खेळपट्टीच्या मध्यावर मला कळत होतं की मी बाद आहे, आणि तरी बॅट पुढं करून धावत होते. परतताना नर्स माझ्याजवळून आत गेली.  

आम्ही अठ्ठावीसनं हरलो. अक्का नाबाद नऊ. ओरत्तनाडूच्या कॅप्टननं माझा हात हातात घेऊन सांगितलं की वाईट वाटतंय, आणि तिला खरंच वाटत होतं. संघ त्याच दिवशी मिटला. नर्स आणि शिक्षिका दुसरीकडं गेल्या. चुलतजावा म्हणाल्या, आता रविवारी जरा झोपता येईल. खेळायची सवय किती लवकर सुटते ते पाहून मला आश्चर्य वाटलं. माझीही सुटली.

सुनेची सुटली की नाही ते विचारायला मी धजले नाही. गल्लीत एकदा तिच्या मुलीला भिंतीवर बॉल मारताना पाहिलं, ती एका डोळ्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघत होती, आतून कुणीतरी 'खाली, अजून खाली' असं सांगत होतं.

महिन्याभरानं पापनाशमहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या संघात बोलर नव्हती. "तुमची ती डावखुरी," त्या म्हणाल्या, "मोकळी आहे का आता?" मी गाडीची वेळ बघितली. सकाळी निघून दुपारच्या आत परत येता येत होतं. मी बरोबर जाईन असं ठरवलं. मग कुणाकडंही निरोप न देता स्वतः उठून अक्कांच्या घरी गेले. एवढं तरी शिकले होते.

अक्का पुढच्या खोलीत शिकवणीच्या वह्या तपासत होत्या. मी पापनाशमचं सांगितलं. मी नेईन, मी आणीन, तुमच्या घरच्या वेळा मी बघते, हेही सांगितलं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "आपल्या घरच्या संघात जिला जागा मिळाली नाही, तिला परक्या गावी कशाला न्यायची? हसतील तिला. नको गे. एकदा मन मोडलंय, परत कशाला."

"तिची बॉलिंग चांगली आहे, अक्का."

"मग काढलीस कां?"

मी सांगून टाकलं. "मी तिला काढलंच नव्हतं. तुम्हाला काढलं होतं. तुम्हाला बॉल दिसत नाही म्हणून. निरोप तिच्याकडं दिला होता, तिनं तो फिरवला."

पेन्सिल थांबली. आतल्या दारात सून कॉफीचा पेला-डवरा घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. अक्कांनी मान वळवून तिला विचारलं, "ही म्हणते ते खरं?"

तिनं डवरा माझ्यासमोर ठेवला. पेल्यातली कॉफी सांडली नाही. "नाही, अम्मा. मामींनी मलाच काढलं होतं. आता वाईट वाटतंय म्हणून असं म्हणतात."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

अक्का सैलावल्या. त्यांनी चक्क माझ्या हातावर हात ठेवला. "तुज मी ओळखत नाही का? मी वाईट खेळले असत्यें तर तू भर मैदानात सांगितलं असतंस. म्हणून तर तुज कॅप्टन केली. तिच्यासाठी माझ्या डोळ्यांवर घालतेस, चांगलं मन आहे तुझं. कॉफी घे. निवते."

मी कॉफी प्यायले. गरम होती, गोड जरा जास्त. वह्यांवर बरोबरच्या खुणा होत होत्या. एका पानावर त्यांनी सात आणि एक यांत घोटाळा केलेला मला दिसला. पोराचं बरोबर आलेलं गणित चूक ठरलं. मी रिकामा पेला डवऱ्यात ठेवला आणि उठले.

सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. गल्लीत कुणी नव्हतं.

"कशासाठी?" मी विचारलं. "पापनाशमला गेली असतीस."

"आणि संध्याकाळी परत इथंच आले असते."

"मी त्या गुरुवारी सांगितलं होतं तेवढंच सांगितलं असतंस तर आज संघ असता. त्या स्कोअर लिहीत बसल्या असत्या, तू—"

"स्कोअर लिहायला त्या आल्या असत्या असं वाटतं तुम्हाला?" तिनं आवाज चढवला नाही. "घरी बसल्या असत्या, मामी. डोळे गेले हे एकदा कळलं असतं की शिकवणीही सोडली असती. आणि त्या घरी बसल्या की मीही घरी. ते ठरलेलंच होतं. मग म्हटलं, एक मॅच त्या तरी खेळू देत." ती फाटकाची कडी लावू लागली. "तुम्ही आज सांगितलंत ते बरं नाही केलंत. रात्रीच्या स्वयंपाकात मला आता सारखं त्यांच्याकडं बघत राहावं लागेल, त्यांनी खरं धरलं का म्हणून."

आतून अक्कांनी तिला हाक मारली. लाल पेन सापडत नव्हतं. ती गेली.

घरी येऊन मी पापनाशमला फोन केला आणि बोलर मिळणार नाही असं सांगितलं. त्या बाईंनी कारण विचारलं. "घरची अडचण," मी म्हणाले. "ओहो," त्या म्हणाल्या, आणि पुढं काही विचारलं नाही.